यूज केसमधली नाती: इन्क्लुड, एक्स्टेंड आणि त्यांच्या बाणांचे घोळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यूज केस, म्हणजे सिस्टिमकडून एखादं काम कसं करून घेतलं जातं त्याचं वर्णन, काढायला कोणालाच अडचण येत नाही. लंबगोल काढला, आत क्रियापद लिहिलं, बाजूला काडीचा माणूस उभा केला की झालं. घोळ सुरू होतो तो दोन लंबगोलांच्या मधल्या बाणापासून. आधी बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करताना आणि आता नव्या मुलांना शिकवताना मी तेच तेच प्रश्न ऐकत आलोय. जर्नल पूर्ण करायच्या आदल्या रात्री येणारे वेगळे, क्लायंटसमोर बसायच्या आधी येणारे वेगळे, पण मुळातला गोंधळ एकच. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय: एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन. ते आतून कसं बनवलंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. खिडकीजवळच्या सीटवर बसून जेवढं दिसतं तेवढ्यावरच हे मॉडेल बेतलंय.

दोन यूज केस एकमेकांना जोडायची मुळात गरज काय?

बहुतेक वेळा काहीच नसते. कंडक्टर, एक रेघ, «तिकीट देणे» असा एक लंबगोल, एवढ्यावर डायग्राम छान उभी राहते. जोडायची वेळ येते ती दोनच कारणांनी. एक तर तोच मजकूर दोन-तीन यूज केसमध्ये पुन्हा पुन्हा लिहावा लागतोय. किंवा तयार, चालत्या यूज केसला हात न लावता त्यावर नवं काहीतरी चढवायचंय. पहिल्यातून इन्क्लुड आला, दुसऱ्यातून एक्स्टेंड. तिसरं नातं, जनरलायझेशन, म्हणजे पालक आणि मूल असं नातं, क्वचित लागतं. त्याचं पुढे बघू.

बाण कुठून कुठे काढायचा, हे दर वेळी विसरतो. लक्षात कसं ठेवू?

एकच नियम पुरतो. ज्याच्या मजकुरात दुसऱ्याचं नाव येतं, त्याच्याकडून बाण निघतो.

यूज केस म्हणजे लंबगोल नव्हे, त्यामागे लिहिलेला मजकूर. «तिकीट देणे»च्या मजकुरात तिसऱ्या ओळीत «भाडं काढणे»चं नाव येतं, म्हणून बाण «तिकीट देणे»कडून «भाडं काढणे»कडे. «सामानाचं तिकीट जोडणे»च्या मजकुरात लिहिलेलं असतं की मी «तिकीट देणे»मध्ये अमुक ठिकाणी शिरतो. म्हणजे इथे सामानवाला तिकिटाचं नाव घेतोय, तिकिटाला सामानाचा पत्ता नाही. म्हणून बाण सामानाकडून तिकिटाकडे. जनरलायझेशनमध्ये मूल आईबापाचं नाव लावतं, बाण मुलाकडून पालकाकडे.

आधी काय घडतं आणि नंतर काय, याच्याशी बाणाचा काहीही संबंध नाही. हे डोक्यातून काढलं की निम्मी कोडी आपोआप सुटतात, कारण मुलं हमखास बाणाला फ्लोचार्टमधला बाण समजून चालतात.

एकदा पूर्ण मजकूर दाखवाल का? नुसत्या लंबगोलांवरून कळत नाही.

कळणारच नाही. हा घ्या «तिकीट देणे», मुद्दाम छोटा ठेवलाय:

१. कंडक्टर प्रवासी कुठून चढला आणि कुठे उतरणार ते थांबे निवडतो.
२. किती फुल, किती हाफ ते टाकतो.
३. मशीन भाडं काढतं. इन्क्लुड: «भाडं काढणे».
४. मशीन एकूण रक्कम दाखवतं. एक्स्टेन्शन पॉइंट: «रक्कम दिसल्यावर».
५. कंडक्टर पैसे मिळाल्याचं मशीनला सांगतो.
६. मशीन तिकीट छापतं आणि विक्रीची नोंद ठेवतं.

पर्यायी प्रवाह, ४अ: प्रवासी बेत बदलतो. कंडक्टर रद्दचं बटण दाबतो, तिकीट निघत नाही, यूज केस संपतो.

पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या सहा ओळींवरच उभी आहेत, तेव्हा पुढे वाचताना मध्ये मध्ये इथे परत यावं लागेल.

इन्क्लुड नेमका कधी वापरायचा?

तिसरी ओळ पाहा. एसटीचं भाडं टप्प्यांवर चालतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. थांब्यांवरून टप्पे मोजायचे, बस साधी की निमआराम की शिवनेरी ते बघायचं, त्या प्रकारचा दर लावायचा, हाफचा हिशेब करायचा. हाच सगळा उद्योग स्टँडवरच्या खिडकीत आरक्षण करतानाही करावा लागतो. म्हणजे «तिकीट देणे» आणि «आरक्षण करणे» या दोन्हींमध्ये त्याच आठ-दहा ओळी. उद्या भाड्याचा नियम बदलला आणि एका ठिकाणी दुरुस्ती करून दुसऱ्या ठिकाणी विसरलो, की झालं. म्हणून त्या ओळी उचलून «भाडं काढणे» असा वेगळा यूज केस करायचा आणि दोन्हींनी त्याचं नाव घ्यायचं.

काढायची पद्धत: तुटक रेघ, टोकाला उघडा बाण, रेघेवर «इन्क्लुड» हा शब्द दुहेरी कोनी कंसात. बाण «भाडं काढणे»कडे.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला एका वाक्यात सांगायचं तर हे फंक्शन कॉलसारखं आहे. तिसऱ्या ओळीवर पोचलो, आत गेलो, काम करून परत आलो, चौथी ओळ. आत गेलेला यूज केस आपल्याला कोणी बोलावलं हे विचारत नाही. आणि बोलावणारा मात्र त्याच्याशिवाय अपुरा असतो: भाडं न काढता तिकीट देता येत नाही.

एकाच ठिकाणाहून बोलावला जात असेल तर इन्क्लुड करू नका. ओळी आहेत तिथेच बऱ्या. कॉलेजात उलट शिकवतात, डायग्राम भरगच्च दिसावी म्हणून.

एक्स्टेंडचा बाण उलटा का असतो?

उलटा नसतो. आपण उलट्या बाजूने बघतो म्हणून तसा वाटतो.

हे समजायला ही कल्पना कुठून आली ते थोडं माहीत असावं. यूज केसचे जनक स्वीडनचे आयव्हर जेकबसन, आणि ते घडले एरिक्सनमध्ये, टेलिफोन एक्स्चेंजच्या जगात. त्या जगात साधा कॉल म्हणजे एक पूर्ण गोष्ट: फोन उचला, नंबर फिरवा, बोला, ठेवा. मग कोणीतरी म्हणतं, बोलत असताना दुसरा फोन आला तर कळायला हवं. मग कोणी म्हणतं, मी घरी नसलो तर कॉल दुसऱ्या नंबरावर वळवा. अशा सोयी एकामागून एक येत राहतात. प्रत्येक वेळी चालत्या कॉलच्या वर्णनात घुसून बदल करत बसलात तर काही वर्षांत तो साधा कॉल कोणालाच वाचता येणार नाही. म्हणून सोय वेगळी लिहायची आणि तिनेच सांगायचं की मी कॉलमध्ये कुठे आणि कोणत्या अटीवर शिरणार. कॉलला त्याची खबर नाही. त्याचं वर्णन होतं तसंच राहतं.

आता आपली बस. समजा मशीन सुरुवातीला फक्त माणसांची तिकिटं देत होतं. नंतर ठरलं की मर्यादेबाहेरच्या सामानाचं तिकीटही त्याच व्यवहारात जोडता यावं. «तिकीट देणे»च्या सहा ओळींना हात लावायचा नाही. नवा यूज केस लिहायचा:

«सामानाचं तिकीट जोडणे». «तिकीट देणे»मध्ये «रक्कम दिसल्यावर» या ठिकाणी शिरतो. अट: कंडक्टरने सामानाचं बटण दाबलं. १. कंडक्टर वजन टाकतो. २. मशीन सामानाचं भाडं काढून एकूण रकमेत मिळवतं. ३. मशीन नवी रक्कम दाखवतं.

झालं. तीन ओळी. हा यूज केस एकटा वाचला तर अर्धवट वाटतो, आणि वाटायलाच हवा. तो कोणाच्या तरी अंगावर वाढणारा आहे. «तिकीट देणे» मात्र त्याच्याशिवायही पूर्ण आहे. बांडगूळ म्हटलं तर अपमान होईल, पण झाड आणि बांडगूळ यांत कोणाला कोणाची गरज आहे हे विचारलं की बाणाची दिशा पुन्हा चुकत नाही.

एक्स्टेन्शन पॉइंट लिहायलाच हवा का?

मजकुरात हवा. नाहीतर शिरणाऱ्याने शिरायचं कुठे? वर चौथ्या ओळीला मी «रक्कम दिसल्यावर» असं नाव दिलंय. ओळीचा नंबर न देता नाव देण्याचं कारण साधं आहे: उद्या मध्ये एक ओळ वाढली की नंबर सरकतो, नाव सरकत नाही.

डायग्राममध्ये मूळ यूज केसच्या लंबगोलात आडवी रेघ मारून खाली ही नावं लिहिता येतात आणि अट एका टिपेत लिहून बाणाला जोडता येते. फळ्यावर काढताना मी दोन्ही गाळतो. कागदपत्रांत जाणाऱ्या डायग्राममध्ये अट ठेवतो, कारण वाचणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

«इन्क्लुड म्हणजे सक्तीचं, एक्स्टेंड म्हणजे ऐच्छिक» हे बरोबर ना?

ओरलमध्ये हे सांगून सुटता येतं. काम करताना मात्र हेच सूत्र दगा देतं, कारण ते निम्मंच खरं आहे.

इन्क्लुडच्या बाजूने ते बरोबर आहे. या आकृत्यांची प्रमाण चित्रभाषा म्हणजे यूएमएल, आणि तिच्या मानकाची भाषा कडक आहे: इन्क्लुड केलेला भाग ऐच्छिक नसतो. गडबड एक्स्टेंडच्या बाजूला. एक्स्टेंडला अट असू शकते, पण असायलाच हवी असं नाही. अट लिहिली नाही तर शिरणं बिनशर्त मानलं जातं, म्हणजे दर वेळी. तरीही तो एक्स्टेंडच राहतो, कारण मूळ यूज केस त्याचं नाव घेत नाही. उलट, एखादी गोष्ट कधीतरीच घडते म्हणून ती एक्स्टेंड होत नाही. वरचा ४अ पाहा: प्रवाशाने बेत बदलणं कधीतरीच घडतं, पण ते «तिकीट देणे»च्याच पोटातलं आहे. त्याला वेगळा लंबगोल काढून एक्स्टेंड जोडणं म्हणजे दोन ओळींसाठी नवी फाइल उघडणं. कधीतरी घडणाऱ्या ९० टक्के गोष्टी साधे पर्यायी प्रवाह असतात. हा आकडा सर्वेक्षणातला नाही, माझ्या चिडचिडीतला आहे.

म्हणून «घडणारच की कदाचित घडेल?» असं विचारू नका. «कोण कोणाचं नाव घेतंय?» असं विचारा.

सवलतीचं काय करायचं? इन्क्लुड, एक्स्टेंड की जनरलायझेशन?

हा प्रश्न मी स्वतःच वर्गात टाकतो, कारण यावर हमखास भांडणं होतात.

परिस्थिती अशी. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना हाफ तिकीट, हे जुनं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं भाडं. २०२२च्या ऑगस्टमध्ये ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला. त्यांना मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. मार्च २०२३पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत. शिवाय ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणजे कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्या बाईंच्या तिकिटात हद्दीच्या अलीकडचा हिशेब वेगळा आणि पलीकडचा वेगळा.

वर्गातला पहिला हात म्हणतो: एक्स्टेंड, कारण सवलत सगळ्यांना नसते. दुसरा म्हणतो: «महिला तिकीट देणे», «ज्येष्ठ तिकीट देणे» अशी मुलं काढा, जनरलायझेशन. तिसरा विचारतो, सवलत तपासणं तर दर वेळी लागतंच, मग इन्क्लुड का नाही?

माझं उत्तर: आजच्या मशीनसाठी यातलं काहीच नाही. सवलत हा भाड्याचा नियम आहे, कंडक्टरचं वेगळं काम नाही. तो फक्त प्रवाशाचा प्रकार निवडतो. बाकी गणित «भाडं काढणे»च्या आत, नियमांच्या तक्त्यात. पन्नास टक्के, शंभर टक्के, हद्दीपर्यंत, वयाची अट हे सगळं त्या तक्त्याच्या रांगांत बसतं. उद्या आणखी एक सवलत आली तर रांग वाढेल, लंबगोल नाही. दर सवलतीमागे एक मूल जन्माला घातलं तर निवडणुकांच्या वर्षांत डायग्राम कागदावर मावणार नाही.

मात्र गोष्ट जरा बदलली की उत्तर बदलतं. समजा ज्येष्ठाचं कार्ड मशीनला टेकवायचं, मशीनने ते वाचायचं, कार्ड चाललं नाही तर दुसरा पुरावा बघून कंडक्टरने तशी नोंद करायची असं ठरलं. आता कंडक्टर आणि मशीन यांच्यात नवा संवाद आला. तो «तिकीट देणे»ला हात न लावता वरून चढवायचा असेल तर «कार्ड तपासणे» हा एक्स्टेंड चांगला. तेच कार्ड पास देतानाही तपासायचं असेल आणि दोन्ही मजकूर त्याचं नाव घ्यायला तयार असतील तर इन्क्लुड. तीच गोष्ट, दोन उत्तरं, दोन्ही बरोबर. ठरतं ते मजकूर कसा लिहायचा यावर.

सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो. तो एक्स्टेंड होईल का?

सुंदर प्रश्न, आणि उत्तर नाही असं आहे. तिकीट उलटं करून पेनाने «बाकी १५» लिहिणं, त्याभोवती गोल करणं आणि उतरताना प्रवाशाने ते दाखवून पैसे मागणं हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला चोख व्यवहार आहे, पण मशीनला त्याचा पत्ताच नाही. तो सिस्टिमच्या चौकटीबाहेर घडतो. चौकटीबाहेरच्या गोष्टीला लंबगोल नाही, मग बाण कुठला?

मशीनने बाकीची नोंद ठेवून उतरण्याच्या थांब्यावर आठवण करावी असं कोणी सुचवलं, तर तेव्हा तो यूज केस होईल, आणि एक्स्टेंडचा नमुनेदार उमेदवार ठरेल.

लॉगिन सगळ्या यूज केसमध्ये इन्क्लुड करायचं ना?

नको. हात जोडतो.

कंडक्टर दर तिकिटाला मशीनमध्ये लॉगिन करतो का? नाही. सकाळी आगारातून मशीन घेतो, आपला नंबर टाकून ट्रिप सुरू करतो, मग दिवसभर तिकिटं फाडतो. फाडतो म्हणजे छापतो. हात बदलले तरी शब्द तेच राहिलेत. इन्क्लुड म्हणजे «या यूज केसच्या आत, या ओळीवर हे घडतं». लॉगिन आत घडत नाही, आधी घडून गेलेलं असतं. म्हणून ते «तिकीट देणे»च्या पूर्वअटीत जातं: «कंडक्टरने ट्रिप सुरू केलेली आहे.» एक ओळ, शून्य बाण.

अपवाद असतात. रक्कम पाठवताना प्रत्येक वेळी पिन मागणारं अ‍ॅप असेल तर पिन तपासणं खरोखर आतली पायरी आहे. ते चार व्यवहारांत सारखंच असेल तर खुशाल इन्क्लुड करा.

मग क्रम कसा दाखवायचा? आधी ट्रिप सुरू, मग तिकिटं, मग हिशेब.

यूज केस डायग्राममध्ये दाखवायचा नाही. पूर्वअटींमध्ये लिहा, किंवा अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम काढा. ते तिचं काम आहे.

दोन यूज केसमध्ये नुसती सलग रेघ चालते का?

नाही. एकाच सिस्टिमच्या दोन यूज केसमध्ये असोसिएशन, म्हणजे ही साधी सलग रेघ, जोडायला यूएमएल मनाई करतं. कारण पटण्यासारखं आहे: प्रत्येक यूज केस हा सिस्टिमचा एक पूर्ण वापर मानलाय, आणि दोन पूर्ण वापर आपसांत बोलत नसतात. बोलतो तो सिस्टिम वापरणारा काडीचा माणूस, म्हणजे अ‍ॅक्टर. सलग रेघ अ‍ॅक्टर आणि यूज केस यांच्यातच.

जनरलायझेशन कधी?

क्वचित. पालक यूज केसचा साचा तोच, मुलं त्यातल्या काही पायऱ्या आपापल्या पद्धतीने करतात, असं असेल तर. आपल्याकडे «पैसे घेणे» हा पालक आणि «रोख घेणे», «यूपीआयने घेणे» ही मुलं असं दाखवता येईल. सलग रेघ, टोकाला पोकळ त्रिकोण, त्रिकोण पालकाच्या अंगाला.

दाखवता येईल म्हटलं, दाखवाच असं नाही म्हटलं. मजकूर लिहायला बसलात की कळतं: पालकात «रक्कम मिळाल्याची खात्री होते» अशी एक हवेतली ओळ उरते आणि वाचणाऱ्याला दोन पानं शेजारी ठेवून वाचावी लागतात. तेच काम पाचव्या ओळीखाली ५अ आणि ५ब लिहून होतं.

अ‍ॅक्टरमध्ये नाती असतात का?

एकच, जनरलायझेशन, आणि ते यूज केसमधल्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे. बसमधला कंडक्टर आणि खिडकीतला बुकिंग क्लार्क दोघेही तिकीट देतात. क्लार्क शिवाय आरक्षण करतो. मग «तिकीट देणारा» असा पालक अ‍ॅक्टर काढा, सामायिक यूज केस त्याला जोडा, आणि क्लार्कला फक्त त्याचं खास काम जोडा. रेघांचं जाळं निम्म्यावर येतं.

अ‍ॅक्टर ते अ‍ॅक्टर साधी रेघ मात्र काढू नका. प्रवासी कंडक्टरला पैसे देतो हे खरं, पण ते सिस्टिमबाहेरचं बोलणं आहे. या मशीनपुरता प्रवासी अ‍ॅक्टरच नाही, कारण तो मशीनचं एकही बटण दाबत नाही. मोबाइलवरून स्वतः तिकीट काढतो तेव्हा तो त्या अ‍ॅपचा अ‍ॅक्टर होतो.

जुन्या पुस्तकात «यूजेस» आणि «एक्स्टेंड्स» असं आहे. ते चुकीचं का?

जुनं आहे. जेकबसन यांनी यूज केसची मांडणी १९८७ साली परिषदेत केली आणि १९९२च्या त्यांच्या पुस्तकाने ती जगभर गेली. तेव्हा नाती दोन, यूजेस आणि एक्स्टेंड्स. पुढे ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि जेकबसन यांच्या पद्धती एकत्र येऊन यूएमएल झालं आणि नोव्हेंबर १९९७मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याची १.१ ही आवृत्ती मान्य केली. त्यातही हीच दोन नावं होती, आणि दोन्ही जनरलायझेशनचे प्रकार म्हणून, पोकळ त्रिकोणासह काढली जायची. यूजेस म्हणजे वारसा की नुसता वापर, यावर सगळेच गोंधळले. १९९९च्या १.३ आवृत्तीत साफसफाई झाली: यूजेस जाऊन इन्क्लुड आला, एक्स्टेंड्सचा एक्स्टेंड झाला, दोघांना तुटक रेघ मिळाली आणि जनरलायझेशन वेगळं झालं. डिसेंबर २०१७च्या २.५.१ आवृत्तीतही हीच तिन्ही आहेत.

म्हणजे कोणाच्या नोट्समध्ये यूजेस दिसलं तर त्या नोट्स मूळ कुठल्या काळातून उतरत उतरत आल्यात ते कळतं. परीक्षेत इन्क्लुड लिहा.

डायग्राममध्ये किती इन्क्लुड असावेत?

आकडा नाही सांगत, एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी मी यूज केस काढत होतो. «मुदतीआधी ठेव मोडणे» हे एक काम. मी त्याचे सहा तुकडे केले: सही जुळवणे, व्याज काढणे, कमी झालेला दर लावणे, व्हाउचर छापणे वगैरे. प्रत्येकाला लंबगोल, प्रत्येकाकडे इन्क्लुडचा बाण. असंच सगळ्या कामांचं. चाळीसच्या वर लंबगोल झाले, ए-थ्री कागदावर रंगीत प्रिंट काढली, आणि संस्थेच्या व्यवस्थापकांपुढे पसरली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, «रांगोळी चांगली आहे. पण समोर माणूस ठेव मोडायला आला, आणि ठेव दोघांच्या नावावर असून दुसरा आलाच नाही, तर काय करायचं ते यात कुठे आहे?»

कुठेच नव्हतं. मी कामाचे तुकडे करण्यात इतका रमलो होतो की एकही मजकूर धड लिहिला नव्हता. त्या रात्री सहाच्या सहा लंबगोल पुसले, एक ठेवला, आणि त्यामागे दीड पान लिहिलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ३ब ला आलं.

तेव्हापासूनची माझी तपासणी अशी: या लंबगोलाने कोणाचं तरी काम पुरं होतं का? «व्याज काढणे» झालं म्हणून ठेवीदार घरी जात नाही. इन्क्लुड केलेल्या भागाला या कसोटीतून सूट आहे, पण ती सूट दोन ठिकाणी वापरला जात असेल तरच.

एकमेकांना इन्क्लुड केलं तर?

अ ने ब ला आणि ब ने अ ला बोलावलं तर वर्णन कधी संपणारच नाही. म्हणून असं चक्र मानकात निषिद्ध आहे, थेट असो की तिघांच्या फेऱ्यातून.

टूलमध्ये तुटक रेघ कशी येते?

प्लांटयूएमएल या मजकूर लिहून आकृती काढायच्या टूलमध्ये दोन टिंबं आणि मग बाणाचं टोक (..>) म्हणजे तुटक, दोन डॅश (-->) म्हणजे सलग, आणि डॅशनंतर उभी रेघ घालून टोक (--|>) म्हणजे पोकळ त्रिकोण. रेघेवरचा शब्द विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांपुढे लिहायचा. माऊसने ओढून काढायच्या टूल्समध्ये मात्र एक धोका आहे: काही ठिकाणी एक्स्टेंडचा आकार ओढला की बाण तुम्ही ज्या क्रमाने टिचक्या मारल्या त्या दिशेने लागतो. टूलने दिलं म्हणून बरोबर असं धरू नका.

अजाइलमध्ये यूज केस कोण वापरतं आता?

अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत. तिच्यात युजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याची गरज एक-दोन ओळींत लिहिणं, आल्यावर लंबगोल मागे पडले, हे खरंय. जेकबसन यांनीच २०११मध्ये यूज केस २.० मांडलं, त्यात यूज केसचे काप करून एकेक काप स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या एका छोट्या टप्प्याला, घ्यायचा. «तिकीट देणे»च्या सरळ सहा ओळी हा पहिला काप, ४अ हा दुसरा, सामान हा तिसरा. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, त्या तीन स्टोऱ्याच दिसतात, पण त्या कुठल्या एका कामाच्या आहेत ते विसरलं जात नाही. माझ्या अनुभवात टीमला डायग्रामपेक्षा या कापांचा उपयोग जास्त होतो, आणि टेस्टरला सगळ्यात जास्त: एक्स्टेन्शन पॉइंट दिसला की त्याची टेस्ट केस तयारच.

ओरलला एक्स्टर्नलने विचारलं, «इन्क्लुड आणि एक्स्टेंडमधला फरक?» एका वाक्यात काय सांगू?

इन्क्लुडमध्ये मूळ यूज केस दुसऱ्याचं नाव घेतो आणि त्याच्याशिवाय अपुरा असतो. एक्स्टेंडमध्ये दुसरा मूळ यूज केसचं नाव घेतो आणि मूळ त्याच्याशिवाय पूर्ण असतो.

त्यावर «उदाहरण दे» असं येणारच. एटीएम सोडून काहीही द्या. दिवसभरात चाळीस मुलांकडून त्यांनी एटीएम ऐकलेलं असतं.